पुढची बोट किती वाजता? कोकणातून निघून चार देशांचा युरोप आखताना

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली तरी माणूस फार हळहळत नाही. भेळेचा पुडा संपेपर्यंत पुढची बोट लागते. पण संध्याकाळी आतल्या गावाला जाणारी वस्तीची एस.टी. चुकली, तर रात्र स्टँडवर काढायची. चुकलेली मिनिटे दोन्हीकडे तेवढीच असतात, पण मागून काय येणार आहे ते निराळे असते.

युरोपची सहल स्वतः आखणारा नवखा माणूस प्रत्येक गाडीबदलाला किती मिनिटे मिळतात, एवढेच बघतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ११ मिनिटे मिळाली की घाबरतो, मिलानला ४० मिळाली की निर्धास्त होतो. बहुतेक वेळा खरे उलटे असते. विचारायचे दोन प्रश्न: ही चुकली तर पुढची किती वाजता? आणि पुढचीचे भाडे कोण भरणार?

आधी रात्री मांडा

कागदावर स्थळे लिहू नका, रात्री लिहा. उदाहरणादाखल १२ रात्री घेऊ: ॲमस्टरडॅम २, पॅरिस ३, इंटरलाकेन ३, व्हेनिस २, रोम २. बारा रात्रींत पाच मुक्काम म्हणजे वरची मर्यादा झाली. प्रत्येक मुक्काम बदलताना ४ तासांची गाडी दिवसाचे ७ तास खाते: खोली सोडणे, स्टेशन गाठणे, थांबणे, प्रवास, नवे हॉटेल शोधणे आणि तिथे दुपारी ३ पर्यंत खोली मिळत नाही म्हणून बॅगा ठेवून हिंडणे. सहावे गाव घुसडले की सहल गाडीतच होते.

जाताना ॲमस्टरडॅमला उतरा, येताना रोमहून उडा. विमान कंपनीच्या साइटवर ‘मल्टिसिटी’ पर्यायात असे तिकीट निघते आणि ते जाऊन-येऊन तिकिटापेक्षा फार महाग नसते. परत ॲमस्टरडॅमला यायचा एक दिवस आणि एक भाडे वाचते. शिवाय परतीच्या विमानाआधीची लांब, धोक्याची जोडणीच उरत नाही.

रात्रींवरून व्हिसा

आपल्या उदाहरणातले चारही देश (नेदरलँड्स, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली) शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र बाहेर. मध्येच दोन दिवस लंडन घालायचे म्हटले तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि परत शेंगेनमध्ये शिरायचे असेल तर शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा.

अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त मुक्काम आहे. वरच्या आखणीत इटलीत ४ रात्री, म्हणून अर्ज इटलीकडे. आता ‘रोमची एक रात्र कमी करू आणि इंटरलाकेनला देऊ’ असे घरात ठरले, की स्वित्झर्लंड ४ आणि इटली ३. देश बदलला, अर्ज बदलला, व्हिसा केंद्रावरच्या भेटीची वेळ पुन्हा शोधा. म्हणून रात्रींचा वाद भेट ठरवण्याआधी मिटवून टाका. सगळीकडे सारखेच दिवस पडत असतील तर शेंगेनमध्ये पहिला प्रवेश जिथून, तो देश धरतात.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नियमाने १५ दिवस, अडचण निघाली तर ४५ पर्यंत. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे. केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला. मुक्कामाचे दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात.

बोटांच्या ठशांसाठी मुंबईची खेप पडते, आणि अर्ज आत असेपर्यंत पासपोर्ट तिकडेच राहतो. आंब्याचा हंगाम आटोपून जूनमध्ये निघणाऱ्या बागायतदारांनी हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलात पेट्या भरायच्या की मुंबईला पळायचे, असा पेच उगाच ओढवून घेऊ नये.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्या. रेल्वेची स्वस्त तिकिटे परत होत नाहीत, म्हणून ती व्हिसानंतर. फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीची फ्रेच्चारोसा या गाड्यांचे भाडे दिवस जवळ येईल तसे चढते, तेव्हा व्हिसा लागला की आधी ही काढायची. स्वित्झर्लंडमधल्या नेहमीच्या गाड्यांचे पूर्ण भाडे आदल्या दिवशीही तेवढेच असते. तिथे घाई नको.

पहिली जोडणी: रत्नागिरी ते सहार

सगळ्या आखणीत सर्वांत कच्चा सांधा बहुधा हाच असतो, आणि घरचा म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. कोकण रेल्वेवर बहुतांश मार्ग एकेरी आहे. उशीर झालेली गाडी क्रॉसिंगला थांबत थांबत आणखी उशीर करते. पावसाळी वेळापत्रक २०२५ मध्ये १५ जूनला लागू झाले, त्याआधी ते १० जूनपासून असे. त्यात गाड्यांचा वेगच कमी धरलेला असतो. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला. त्या दिवशी महामार्गावर काय गर्दी उसळली असेल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा जून ते ऑक्टोबरमध्ये विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत असा. इतर महिन्यांत रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी धरून सकाळी उतरायचे आणि त्याच दिवशी रात्रीचे विमान, हे चालते. सकाळी उतरून दुपारी १२ चे विमान धरू नये. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. गणपतीच्या आगेमागे निघत असाल (२०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे) तर आरक्षण उघडते त्या दिवशी सकाळी ८ ला फोन हातात घेऊन बसा. मुंबईकडे येणारी गर्दी विसर्जनानंतर उसळते, हे परतीचे तिकीट काढणाऱ्यांना आठवते. युरोपला निघणारे विसरतात.

सीएसएमटीला किंवा दादरला उतरलात तर मेट्रो ३ थेट टी-२ टर्मिनलला जाते. रात्री उशिरा ती बंद असते, तेव्हा टॅक्सी.

आणि तारखेचा घोळ. तिकिटावर ‘५ जून, ०१:३०’ असेल तर विमानतळावर ४ जूनच्या रात्री १० ला पोहोचायचे. पाच तारखेला निवांत सामान भरणारे लोक दरवर्षी निघतात. कॅलेंडरवर ४ तारखेच्या चौकटीत लाल पेनाने ‘आज रात्री’ असे लिहा.

विमान बदलताना

एकाच पीएनआरवर दोन्ही विमाने असतील तर पहिले उशिरा आल्यास पुढचे देणे ही कंपनीची जबाबदारी. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे जोडलीत तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडाले. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांच्या बाबतीत हे फार होते. वेगळ्या तिकिटांमध्ये ५-६ तासांहून कमी अंतर ठेवू नका, शेवटच्या विमानावर तर अजिबात नाही.

एका तिकिटावरचे ६० मिनिटांचे अंतर खरे ६० नसते. विमान १०:०० ला टेकले की दार उघडून मागच्या रांगेतून बाहेर यायला १०:२० होतात. पुढच्या विमानाचे दार सुटण्याच्या १५-२० मिनिटे आधी बंद होते. हातात राहिली २०-२५ मिनिटे. भारतातून आलेल्या माणसाला एवढ्यात दोन कामे करायची असतात: सुरक्षा तपासणी पुन्हा आणि शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर पासपोर्टची रांग. मुंबई–फ्रँकफुर्ट–रोम असे असेल तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफुर्टला होते, रोमला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांग आणखी सावकाश सरकते. युरोपात विमान बदलणार असाल तर अडीच ते तीन तास ठेवा. दुबई, दोहा, अबुधाबीला बदलून थेट ॲमस्टरडॅमला उतरत असाल तर मध्ये शेंगेनची रांग नाही, दीड-दोन तास पुरतात.

चेक-इनला बॅगेच्या टॅगवरची तीन अक्षरे वाचून घ्या. ॲमस्टरडॅमसाठी एएमएस दिसले पाहिजे. मधल्या विमानतळाची अक्षरे असतील तर तिथल्या तिथे बोला, टॅग बदलून मिळतो.

उतरल्या दिवशी लांबची, वेळेला बांधलेली रेल्वे धरू नका. विमान उशिरा आले तर रेल्वे तिकिटाची भरपाई कुणीच करत नाही. पहिली रात्र उतरल्या गावातच ठेवली आहे ती यासाठी. ॲमस्टरडॅमच्या स्किफोलला रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे आणि शहरात जायला गाड्या सारख्या सुटतात. तिथे चुकण्यासारखे काही नाही.

रेल्वे: इथे खरा अभ्यास

पॅरिसमध्ये एक स्टेशन नाही. ॲमस्टरडॅमहून येणारी युरोस्टार गार द्यु नोरला येते, स्वित्झर्लंडची गाडी गार द लियॉहून सुटते. मध्ये आरईआर डी या लोकलने दोनच थांबे, गाडीत दहा मिनिटेही नाहीत. पण जिने, तिकिटाची फाटके आणि बॅगा धरून एक-सव्वा तास ठेवा. मुक्काम न करता एकाच दिवसात ॲमस्टरडॅमहून स्वित्झर्लंड गाठणारे इथेच फसतात. मिलान, व्हिएन्ना, बाझेल इथेही एकाहून जास्त स्टेशने आहेत. व्हेनिसचे तिकीट ‘सांता लुचिया’चे घ्या, ‘मेस्त्रे’ म्हणजे खाडीच्या अलीकडचे गाव.

आता दोन दिवस जवळून बघू.

पॅरिस ते इंटरलाकेन. गार द लियॉहून टीजीव्ही लिरिया सुमारे तीन तासांत बाझेलला आणते. प्लॅटफॉर्म साधारण २० मिनिटे आधी लागतो आणि आत जायचे फाटक सुटण्याच्या २ मिनिटे आधी बंद होते. धावत सुटत्या गाडीचा दांडा पकडणे तिथे होत नाही. बाझेलला उतरून इंटरलाकेनची गाडी. समजा वेळापत्रकात १५ मिनिटे दाखवतात आणि लिरिया अर्धा तास उशिरा आली. काहीही बिघडत नाही. स्विस गाड्यांचे वेळापत्रक घड्याळासारखे आखलेले आहे; त्याच मिनिटाला पुढच्या तासाला तीच गाडी, आणि बर्नला बदलून मध्ये आणखी एखादी. स्विस ट्रॅव्हल पास किंवा साधे स्विस तिकीट गाडीला बांधलेले नसते, दिवसाला असते. ही दाभोळची फेरी.

इंटरलाकेन ते व्हेनिस ही मात्र वस्तीची एस.टी. इंटरलाकेनहून श्पीत्सला यायचे, तिथे मिलानची युरोसिटी धरायची, मग मिलानहून व्हेनिसची फ्रेच्चारोसा. श्पीत्सहून सरळ मिलानला जाणाऱ्या युरोसिटी दिवसात मोजक्याच आहेत. एक गेली की पुढची काही तासांनी, आणि आरक्षण सक्तीचे. म्हणून इंटरलाकेनहून एक गाडी आधीची धरायची. श्पीत्सच्या फलाटावरून तळे छान दिसते, अर्धा तास फुकट जात नाही. आता मिलान. तिथून व्हेनिसकडे गाड्या भरपूर, पण तुमचे स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेले. गाडी आहे, तिकीट नाही. इथे दुसरा प्रश्न कामाला येतो. तीन उपाय: मिलानला ७५ ते ९० मिनिटे ठेवा; किंवा ‘सुपर इकॉनॉमी’ऐवजी ‘बेस’ भाड्याचे, बदलता येणारे तिकीट घ्या; किंवा श्पीत्स ते व्हेनिस एकाच तिकिटावर काढा. एका तिकिटावर असाल तर पुढची सोय करणे रेल्वेला भाग आहे. आम्ही पहिला आणि दुसरा दोन्ही सुचवू. दोघांच्या तिकिटांतला फरक मिलानला ऐनवेळी काढलेल्या दोन तिकिटांपेक्षा कमीच निघतो.

हा मार्ग निवडण्याआधी दुरुस्तीचे बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात डोमोदोसोला ते मिलान मार्गावर मोठे काम निघाले होते आणि तिथली वाहतूक खंडित होती. जर्मनीत २०२४ च्या जुलै ते डिसेंबर फ्रँकफुर्ट–मानहाइम हा अख्खा मार्गच बंद ठेवला होता. तिकडे उन्हाळा हाच कामाचा हंगाम, आपल्याकडे कौले पावसाआधी परततात तसे. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा, असे दोनदा तपासा. वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते. नाताळच्या सहलीचे आधी टिपलेले आकडे त्यानंतर धरू नका.

सहलीत जर्मनी असेल तर हात सैल सोडा. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही ६ मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून. जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा आली तर स्विस लोक तिला बाझेललाच थांबवतात आणि पुढे स्वतःची दुसरी गाडी सोडतात, त्यांचे वेळापत्रक बिघडू नये म्हणून. अशा वेळी आधी ‘बाझेल बादिशर बानहोफ’ लागते. तिथे घाईने उतरू नका, ‘बाझेल एसबीबी’ पुढचे. जर्मनीत एक सवलत चांगली आहे: मुक्कामाला २० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले, की स्वस्त तिकिटाचे गाडीबंधन सुटते आणि दुसरी गाडी धरता येते.

इटलीत संपाची पाहणी करा. ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनवर दिसला की कान टवकारा. संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये छापून घ्यायचे. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

रेल पासबद्दल थोडक्यात: भारतीयांना ‘युरेल’ मिळतो. पास असला तरी टीजीव्ही, युरोस्टार, फ्रेच्चारोसा यांना आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात आणि पासवाल्यांच्या जागा लवकर संपतात. चार ठरलेल्या प्रवासांसाठी सुटी तिकिटे बहुधा स्वस्त.

बॅग, फोन, खाऊ

फलाटावर हमाल नाहीत. प्रत्येकाची एकच बॅग, आणि ती त्यानेच तीन पायऱ्या चढवून गाडीत घालता आली पाहिजे. वेळापत्रकातली बदलायची मिनिटे मोकळ्या हाताने चालणाऱ्याची असतात. झ्युरिखला ७ मिनिटे धरतात, पण तिथले ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ हे फलाट जमिनीखाली आहेत. आई-वडील सोबत असतील तर कुठेही १५ मिनिटांखालचा बदल नको, पुढची गाडी असली तरी. फलाटावर ए, बी, सी असे भाग असतात. आपला डबा कोणत्या भागात येतो ते फलकावर बघून तिथेच उभे राहा. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत फुटतात, म्हणून गाडीत शिरताना डब्याच्या दारावरचे गावाचे नाव वाचायचे.

फोनला डेटा हवाच, फलाट बदलल्याचे तिथेच कळते. ‘युरोप’ पॅकमध्ये स्वित्झर्लंड कधी कधी नसते. यादीत नाव शोधा.

खाऊचे नियम ऐकून अनेकांना धक्का बसतो. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. तूप, खवा, पनीर घरीच. हापूस वनस्पती-आरोग्य दाखल्याशिवाय चालत नाही, नारळ आणि केळी मात्र चालतात. सुके खोबरे आपल्याच विमानतळावर अडते, कारण तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडते. सुकी मासळी माणशी २० किलोपर्यंत नियमात बसते. हॉटेलवाल्याच्या नाकात बसेलच असे नाही. आगळाची बाटली हातातल्या पिशवीत नको, १०० मिलिलिटरच्या वरचे द्रव तपासणीत काढून घेतात.

तरीही चुकली तर

गाडीत असतानाच कळले तर कंडक्टरला गाठा आणि उशिराची नोंद तिकिटावर किंवा ॲपमध्ये करून घ्या. वेगवेगळ्या तिकिटांवर आंतरराष्ट्रीय प्रवास करत असाल, तरी बऱ्याच राष्ट्रीय रेल्वे कंपन्यांत एजेसी नावाचा करार आहे. मध्ये पुरेसा वेळ ठेवला होता आणि उशिराचा पुरावा आहे, तर पुढच्या गाडीत बसू देतात. खासगी कंपन्या त्यात धरू नका. आधी खिडकीवर विचारा, मगच नवे तिकीट. एका तिकिटावर ६० ते ११९ मिनिटे उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांपुढे ५० टक्के परत मागता येतात.

विमान चुकले तर बाहेर पडू नका, आतल्या ट्रान्स्फर काउंटरला जा. रांगेत उभे असतानाच ॲपमध्येही बघा, बऱ्याचदा पुढचे विमान तिथे आधीच लावलेले असते. युरोपातून सुटणाऱ्या कोणत्याही विमानाला, आणि युरोपीय कंपनीच्या युरोपला जाणाऱ्या विमानाला, तिथला भरपाईचा नियम लागतो. कंपनीच्या चुकीने ३ तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप यांत पैसे नाहीत, पण जेवण आणि मुक्काम द्यावाच लागतो. बोर्डिंग पास फेकू नका.

परतीचा दिवस

रोममध्ये शेवटची रात्र तेर्मिनी स्टेशनजवळ काढा. लेओनार्दो एक्सप्रेस तिथून ३२ मिनिटांत फ्युमिचिनोला नेते. सहल मार्च किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस असेल तर तिथले घड्याळ शेवटच्या रविवारी बदलते. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. मार्चमध्ये एक तास झोपेतच जातो. फोन आपोआप बदलतो, हॉटेलच्या भिंतीवरचे घड्याळ कुणीतरी बदलावे लागते.

मुंबईत उतरल्यावर पहाटेच्या जनशताब्दीच्या मागे लागू नका. बॅग यायला, बाहेर पडायला दोन तास जातात. त्याच रात्रीच्या कोकणकन्येचे आरक्षण ६० दिवस आधी करून ठेवा, आणि विमान सकाळी असेल तर दिवसभर टेकायला एखादे नातेवाईक सांगून ठेवा.